ताटाबाहेरचा जंत

फेब्रुवारी २०१५ मध्ये तत्कालीन केंद्रीय आरोग्यमंत्री जे. पी. नड्डा यांनी देशव्यापी जंतनाशक मोहिमेचा शुभारंभ जयपुरात केला. १ ते १९ वर्षांच्या प्रत्येक मुलामुलीला शाळेत किंवा अंगणवाडीत अल्बेंडाझोलची गोळी खाऊ घालायची, असा हा कार्यक्रम. पहिल्या टप्प्यातल्या राज्यांत राजस्थानबरोबर महाराष्ट्रही होता आणि १० फेब्रुवारी ही तारीख आता शिक्षकांना, अंगणवाडीताईंना पाठ झाली आहे. या गोळीचा रोख तीन जंतांवर आहे: आतड्यातला गोल जंत, चाबूककृमी आणि रक्त शोषणारा अंकुशकृमी. तिघेही मातीतून पसरतात. पण जंत म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे जो येतो, कित्येक मीटर लांब, चपटा, पांढरट आणि खंडाखंडांचा, तो पट्टकृमी या यादीत नाही. एका गोळीने तो खात्रीने पडतही नाही. या पुस्तकाचा विषय तो आहे.

पट्टकृमीबद्दलचा सर्वसाधारण समज सरळ आहे. डुकराचं किंवा गाईचं कच्चं मांस पोटात गेलं की हा जंत होतो. म्हणजे जो मांसच खात नाही, त्याला कसली भीती? हा समज तपासून पाहायला राजस्थानइतकी चांगली जागा देशात दुसरी नाही. २०१४ च्या नमुना नोंदणी पाहणीत राजस्थानातल्या १५ वर्षांवरच्या सुमारे ७५ टक्के लोकांनी आपण शाकाहारी असल्याचं सांगितलं. सगळ्या राज्यांत हा आकडा सर्वांत मोठा होता. महाराष्ट्राचा ४० टक्क्यांच्या आसपास होता. तरीही जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात फिट येते म्हणून राज्यभरातून जे रुग्ण येतात, त्यांच्यापैकी कुणाच्या मेंदूत डुकराच्या पट्टकृमीची अळी निघाली, तर तिथल्या डॉक्टरांना त्यात नवल वाटत नाही. ज्या घरात कांदा-लसूणही चालत नाही, त्या घरातला मुलगाही या रुग्णांत असू शकतो.

हे कसं घडतं, ते कळायला आधी या प्राण्याची शरीररचना पाहावी लागते. ती इतकी काटकसरीची आहे की तिच्याबद्दल थोडा आदरच वाटावा.

पट्टकृमीला तोंड नाही, जठर नाही, आतडंही नाही. दुसऱ्याच्या आतड्यात, पचून तयार झालेल्या अन्नात तो आयुष्य काढतो, म्हणून पचनाची सगळी यंत्रणा त्याने उत्क्रांतीच्या ओघात टाकून दिली आहे. त्याची त्वचाच अन्न शोषते. तिच्यावर अतिसूक्ष्म केसाळ उंचवटे असतात आणि त्यामुळे शोषणाचं क्षेत्रफळ कितीतरी पटींनी वाढतं. डोकं जेमतेम १ मिलिमीटरचं. त्यावर चार चोषक असतात. डुकराच्या पट्टकृमीत, म्हणजे टीनिया सोलियममध्ये, त्याशिवाय बारीक अंकुशांची दुहेरी रांग असते. गाईगुरांकडून येणाऱ्या टीनिया सॅजिनाटाला अंकुश नसतात, तो नुसत्या चोषकांवर भागवतो आणि तरीही दोघांत तोच जास्त लांब होतो. सोलियम साधारण २ ते ४ मीटर वाढतो. सॅजिनाटा ४ ते १२ मीटर आणि क्वचित त्याहूनही लांब.

डोक्यामागे मान आणि मानेमागे खंडांची साखळी. नवा खंड मानेपाशी तयार होतो आणि जुने मागे सरकत जातात. प्रत्येक खंडात नर आणि मादी अशी दोन्ही जननेंद्रियं असतात. शेपटाकडचे खंड म्हणजे अंड्यांनी ठासून भरलेलं गर्भाशय, बाकी काही उरलेलंच नसतं. सोलियमच्या एका पिकल्या खंडात ३० ते ५० हजार अंडी असतात. असे खंड रोज गळून शौचावाटे बाहेर पडतात. सॅजिनाटाचे खंड तर चालतात. रात्री अंथरुणावर वळवळताना दिसले म्हणून घाबरून डॉक्टरकडे आलेले रुग्ण जगभर सापडतात. प्रयोगशाळेत दोन जातींतला फरक ओळखायची जुनी रीत म्हणजे खंडातल्या गर्भाशयाच्या फांद्या मोजणे: कमी फांद्या असतील तर सोलियम, जास्त असतील तर सॅजिनाटा. अंड्यांवरून मात्र हा फरक कळत नाही, दोघांची अंडी सूक्ष्मदर्शकाखाली सारखीच दिसतात.

एवढा मोठा प्राणी पोटात असूनही त्रास जवळजवळ होत नाही. कधी पोटात कुरकूर, कधी मळमळ, बस. भूक वाढते, माणूस खंगतो, कितीही खाल्लं तरी अंगी लागत नाही, या सगळ्या ऐकीव गोष्टी आहेत. काही मीटरच्या कृमीला लागतं तरी किती? वजन उतरवायला पट्टकृमी गिळणाऱ्या नट्यांचे किस्से पाश्चात्त्य मासिकांत शंभर वर्षं फिरत आहेत. त्यांतला एकही नीट सिद्ध झालेला नाही. आतड्यातला पट्टकृमी हा तसा सभ्य पाहुणा आहे, वीस-वीस वर्षं गुपचूप राहतो. खरा प्रश्न त्याच्या अंड्यांचा आहे.

डुकराच्या पट्टकृमीच्या आयुष्याला दोन घरं लागतात. मोठा कृमी राहतो माणसाच्या आतड्यात आणि फक्त माणसाच्याच. माणसाच्या विष्ठेतून पडलेली अंडी उघड्यावर चरणाऱ्या डुकराच्या पोटात जातात. तिथे अंड्याचं कवच विरघळतं, आतली सहा अंकुशांची अळी आतड्याची भिंत भेदून रक्तात शिरते आणि स्नायूंत जाऊन बसते. दोन-तीन महिन्यांत तिची साबुदाण्याएवढी, पाण्याने भरलेली पुळी तयार होते. ते मांस अर्धंकच्चं खाल्लं की पुळीतलं डोकं बाहेर पडतं, माणसाच्या आतड्याला चिकटतं आणि नवा कृमी वाढू लागतो. इथे चक्र पूर्ण होतं.

घोळ होतो तो माणसाने डुकराची जागा घेतली की. म्हणजे अंडीच माणसाच्या पोटात गेली की. कवच तसंच विरघळतं, अळी तशीच रक्तात शिरते आणि स्नायूंत, डोळ्यांत किंवा मेंदूत जाऊन तिची पुळी होते. कृमीच्या दृष्टीने हा फुकट गेलेला प्रवास आहे, कारण माणसाचा मेंदू पुढे कुणी खाणार नाही. रुग्णाच्या दृष्टीने मात्र यातून न्यूरोसिस्टिसर्कोसिस हा आजार उभा राहतो. अंडी येतात कुठून? डुकरातून नाही. ती येतात माणसाच्याच विष्ठेतून: न धुतलेल्या हातांवरून, सांडपाण्यावर वाढलेल्या कोथिंबिरीतून, गढूळ पाण्यातून. मांस खाणाऱ्याला कृमी होतो, तर मेंदूचा आजार त्याच्याबरोबर राहणाऱ्या, त्याच्या हातचं खाणाऱ्या कुणालाही होऊ शकतो. शाकाहार इथे कवच ठरत नाही. हा सगळा प्रश्न संडासाचा आहे आणि राजस्थान त्याचं उदाहरण आहे.

याचा सर्वांत गाजलेला दाखला मात्र न्यूयॉर्कचा आहे. १९९० च्या सुमारास ब्रुकलिनमधल्या कर्मठ ज्यू वस्तीतल्या काही कुटुंबांत लोकांना फिट येऊ लागल्या आणि त्यांच्या मेंदूत याच अळ्या निघाल्या. डुकराचं मांस म्हणजे ज्यू धर्मात निषिद्ध. या घरांत त्याचा वासही गेला नव्हता. तपासाचा माग शेवटी स्वयंपाकघरात पोचला. घरकामाला ठेवलेल्या बायका लॅटिन अमेरिकेतल्या अशा भागांतून आलेल्या होत्या, जिथे हा कृमी मुबलक आहे. १९९२ मध्ये ही हकीकत ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आली आणि तेव्हापासून ती पाठ्यपुस्तकांत जाऊन बसली आहे. राजस्थानी मारवाडी कुटुंब आणि ब्रुकलिनचं ज्यू कुटुंब, सोवळ्याच्या बाबतीत दोघांनी एकमेकांशी स्पर्धा करावी. कृमीने दोघांनाही सारखंच वागवलं.

अळी कृमीत रूपांतरित होते हे सिद्ध करणारा प्रयोग आज कुठल्याही नीतिसमितीने दारातही उभा केला नसता. १८५५ मध्ये जर्मन वैद्य फ्रीड्रिख क्युशेनमाइस्टर यांनी मृत्युदंडाची शिक्षा झालेल्या एका कैद्याला, त्याच्या नकळत, अशा पुळ्या जेवणातून खाऊ घातल्या. देहदंडानंतर शवविच्छेदन केलं तेव्हा आतड्याला चिकटलेले कोवळे पट्टकृमी मिळाले. काही वर्षांनी हाच प्रयोग त्यांनी पुन्हा केला आणि त्या वेळी जास्त वाढलेले कृमी निघाले. त्याच काळात बेल्जियमच्या व्हान बेनेडेन यांनी डुकराला अंडी खाऊ घालून उलटी बाजू सिद्ध केली. तोवर मांसातली पुळी आणि पोटातला पट्टा हे दोन वेगळे प्राणी मानले जात.

भारताचा या कहाणीत प्रवेश झाला तो ब्रिटिश सैनिकांमुळे. हिंदुस्थानात नोकरी करून परतलेल्या जवानांना मायदेशी गेल्यावर फिट येऊ लागल्या. त्यांच्या अंगाला हाताला लागणाऱ्या गाठी होत्या आणि क्ष-किरणांत स्नायूंमध्ये चुन्याचे बारीक ठिपके दिसत. १९३० च्या दशकात लष्करी डॉक्टर विल्यम मॅकआर्थर यांनी या प्रकरणाचा पाठपुरावा केला. १९६१ मध्ये डिक्सन आणि लिप्सकॉम यांनी ४५० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. संसर्ग झाल्यापासून पहिली फिट येईपर्यंत बहुतेकांत काही वर्षं गेली होती, क्वचित कुणाच्या बाबतीत तर ३० वर्षं. पुळी जिवंत असते तोवर मेंदू तिला मुकाट्याने सहन करतो. ती मरू लागली की शरीराची प्रतिकारशक्ती तिच्यावर तुटून पडते, भोवती सूज येते आणि त्या सुजेतून फिट येते. म्हणजे आजाराची लक्षणं ही बहुतेक वेळा कृमीच्या मरणाची लक्षणं असतात. उपचाराची सगळी गुंतागुंत या एका गोष्टीतून निघते.

भारतात आणखी एक गुंता होता. सीटी स्कॅनची यंत्रं आली तशी फिटच्या रुग्णांच्या मेंदूत एकच छोटा, कड्यासारखा चमकणारा ठिपका दिसू लागला. क्षयाच्या देशात डॉक्टरांनी पहिला संशय क्षयावर घेतला, त्यात अस्वाभाविक काही नव्हतं. असंख्य रुग्णांनी वर्ष-दीड वर्ष क्षयाच्या गोळ्या घेतल्या. ठिपका गेला की औषध लागू पडलं असं वाटे; पण गोळ्या न घेणाऱ्यांचेही ठिपके नाहीसे होत होते. १९८७ मध्ये पुण्याचे डॉ. आर. एस. वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कड्यासारख्या आणि चकतीसारख्या डागांवर शोधनिबंध लिहिला. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये मॅथ्यू चांडी आणि वेदांतम राजशेखर यांनी काही रुग्णांतले ठिपके शस्त्रक्रियेने काढून थेट तपासले. १९९१ मध्ये त्यांनी निष्कर्ष जाहीर केला: यांतले बहुतेक ठिपके क्षयाचे नव्हते, मरणाऱ्या पट्टकृमी-अळीचे होते. पुढे याच भागातल्या पाहणीत अपस्माराच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्याच्या रुग्णांत मूळ कारण ही अळी निघाली. भारतीय न्यूरॉलॉजीने जगाला दिलेल्या कामात हे काम वरच्या रांगेत ठेवावं लागेल. त्याने हजारो लोकांच्या नशिबातला विनाकारण क्षयोपचार टळला.

अळ्या एक-दोन असल्या तर गोष्ट बहुधा आटोक्यात राहते. शेकडो असल्या तर नाही. २०१९ मध्ये दिल्लीलगतच्या फरिदाबादच्या ईएसआयसी वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांनी एका १८ वर्षांच्या तरुणाची हकीकत प्रसिद्ध केली. त्याचा मेंदू अळ्यांनी भरून गेला होता आणि उजव्या डोळ्यातही त्या पोचल्या होत्या. कृमिनाशक औषध देणं शक्य नव्हतं. सगळ्या अळ्या एकदम मेल्या असत्या तर सूज मेंदूला आणि डोळ्याला झेपली नसती. स्टेरॉइड आणि फिट थांबवणारी औषधं देऊनही दोन आठवड्यांत तो गेला. त्याच्या मेंदूचं चित्र नंतर व्हॉट्सअॅपवर घरोघर फिरलं, बहुतेक वेळा ‘पत्ताकोबी खाऊ नका’ या सूचनेसकट.

कोबीबद्दल इथेच बोलून घ्यावं. कोबीच्या गड्ड्यात दिसणारी हिरवी अळी फुलपाखराची किंवा पतंगाची असते. ती मेंदूत जात नाही, कुठेच जात नाही. पट्टकृमीचं अंडं डोळ्यांना दिसत नाही आणि ते कोबीतच असावं असंही नाही. मैल्याचं पाणी लागलेल्या कुठल्याही भाजीवर ते असू शकतं. भाजी शिजली की ते मरतं. धोका आहे तो कच्च्या, नीट न धुतलेल्या पाल्याचा, म्हणजे कोशिंबिरीचा, चटणीचा, चाटवर भुरभुरलेल्या कोथिंबिरीचा. जयपुरात अमानीशाह नाला नावाने ओळखली जाणारी द्रव्यवती नदी अनेक दशकं शहराचं सांडपाणी वाहत सांगानेरकडे जात राहिली आणि त्याच पाण्यावर काठची भाजीशेती होत राहिली. अलीकडे त्या नदीचा सुमारे ४७ किलोमीटरचा पट्टा सुधारण्याचा मोठा प्रकल्प झाला. मुंबईत रेल्वेरुळांच्या कडेला पिकणारा पालक पाहिलेल्या मराठी वाचकाला यात परकं काहीच वाटणार नाही.

जयपुरात येणारा मराठी पर्यटक लाल मास चाखल्याशिवाय परतत नाही, त्यालाही थोडा दिलासा देऊन ठेवावा. मेंढी-बकऱ्याच्या मटणातून माणसाच्या आतड्यात टीनिया वाढत नाही. मेंढीपासून माणसाला होणारा पट्टकृमीचा आजार वेगळाच आहे आणि तो मटण न खाणाऱ्यालाही होतो. त्याचा मधला दुवा आहे कुत्रा.

एकायनोकॉकस ग्रॅन्युलोसस हा पट्टकृमी म्हणजे आधीच्या दैत्यांपुढे अगदीच किरकोळ. लांबी ३ ते ६ मिलिमीटर, खंड तीन-चार. तो कुत्र्याच्या आतड्यात हजारांच्या संख्येने राहतो आणि कुत्र्याला त्याचं काही वाटत नाही. अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून कुरणात पडतात, मेंढी ती गवताबरोबर खाते, तिच्या यकृतात किंवा फुप्फुसात पाण्याची गाठ वाढते. मेंढी कापली, गाठ असलेलं काळीज कुत्र्यापुढे फेकलं, की चक्र पुरं. माणूस मध्ये अडकतो तो कुत्र्याच्या अंगावरून, मातीतून, पाण्यातून आलेलं अंडं गिळून. मग गाठ त्याच्या शरीरात वाढते, बहुतेकदा यकृतात, त्याखालोखाल फुप्फुसात. वाढ वर्षाला एखाद-दोन सेंटिमीटर, म्हणून पंधरा-वीस वर्षं पत्ता लागत नाही. पोटाची सोनोग्राफी दुसऱ्याच कारणाने करावी आणि ही गाठ दिसावी, असं पुष्कळदा होतं. शस्त्रक्रियेत गाठ फुटली तर दोन संकटं: आतल्या द्रवाची तीव्र अॅलर्जी जीव घेऊ शकते आणि सांडलेल्या प्रत्येक बीजातून नवी गाठ उगवू शकते. म्हणून सर्जन तिच्याशी अतिशय जपून वागतात.

२०१९ च्या पशुगणनेत राजस्थानात सुमारे ७९ लाख मेंढ्या मोजल्या गेल्या. रायका-रेबारी मेंढपाळांचे कळप दर वर्षी शेकडो किलोमीटर चालतात. महाराष्ट्रात धनगरांचे वाडे तेच करतात, राखणीच्या कुत्र्यासकट. जयपूरपासून फार दूर नसलेल्या टोंक जिल्ह्यातल्या अविकानगरला १९६२ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्था आहे. मेंढ्यांच्या जंतांवरही तिथे काम होतं. मेंढपाळांना आणखी एक पट्टकृमी माहीत असतो, नावाने नसला तरी लक्षणाने. मेंढी कळप सोडून एकाच जागी गोल-गोल फिरू लागते, मान एका बाजूला वळते. टीनिया मल्टिसेप्स या कुत्र्याच्या पट्टकृमीची अळी तिच्या मेंदूत बसलेली असते.

जयपूरने भटक्या कुत्र्यांच्या बाबतीत जे करून दाखवलं ते पुष्कळ शहरांना जमलेलं नाही. ‘हेल्प इन सफरिंग’ या संस्थेने १९९४ पासून कुत्र्यांची नसबंदी आणि रेबीजचं लसीकरण सुरू केलं आणि २००२ अखेरपर्यंत जवळजवळ २५ हजार कुत्री हाताळली. त्या भागात कुत्र्यांची संख्या घटली, माणसांतला रेबीजही ओसरला. पट्टकृमीसाठी मात्र एवढं पुरत नाही. कुत्रा एकदा औषध देऊन मोकळा झाला तरी पुन्हा काळीज खाल्लं की काही आठवड्यांत नवे कृमी तयार होतात. औषध वारंवार द्यावं लागतं किंवा काळीज त्याच्यापुढे जाणारच नाही अशी व्यवस्था लावावी लागते.

ही दुसरी वाट आइसलँडने धरली. १८६३ मध्ये डेन्मार्कचे हाराल्ड क्राबं तिथे गेले आणि १०० कुत्र्यांची पोटं फाडून पाहिली. २८ कुत्र्यांत हा कृमी निघाला. पुढच्या वर्षी त्यांची एक छोटी पुस्तिका छापून देशातल्या घराघरांत पोचवली गेली. कुत्र्याला कच्चं काळीज घालू नका, गाठी पुरा किंवा जाळा, इतकंच तिचं सार. १८६९ मध्ये कायदा झाला. लांब हिवाळ्यात वाचनाशिवाय उद्योग नसलेल्या, साक्षर शेतकऱ्यांच्या त्या बेटावर ती पुस्तिका खरोखर वाचली गेली. एकेकाळी जगात सर्वाधिक गाठी जिथे सापडत, तिथून हा आजार विसाव्या शतकात नाहीसा झाला. 

राजस्थानकडेही स्वतःचा असा एक विजय आहे, पण तो दुसऱ्या कृमीवरचा. नारू पट्टकृमी नाही, तो गोल सुतासारखा. पाण्यातल्या सायक्लॉप्स या सूक्ष्म कवचधारी जीवातून तो माणसात येई आणि वर्षभराने पायाची कातडी फोडून बाहेर पडे. मासळीतून येणारा पट्टकृमीही आपली पहिली अवस्था अशाच जीवांत काढतो. ज्या पायऱ्यांच्या बावड्यांचे फोटो काढायला आज पर्यटक आभानेरीला जातात, तशाच बावड्यांत पाय बुडवून पाणी भरण्याच्या रिवाजाने नारू टिकून होता. पाणी कापडाने गाळणं, बावड्यांऐवजी हातपंप, गावोगाव रुग्णांचा शोध, एवढ्यावर काम झालं. देशातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये जोधपूर जिल्ह्यात सापडला आणि २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र दिलं. महाराष्ट्रातल्या नारूग्रस्त गावांचीही सुटका त्यातच झाली.

मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा पट्टकृमी या सगळ्यांपेक्षा साधा आहे: हायमेनोलेपिस नाना, लांबी जेमतेम २ ते ४ सेंटिमीटर. त्याला दुसरं घर लागत नाही. एका मुलाच्या हातावरून अंडं दुसऱ्याच्या तोंडात, एवढा प्रवास पुरतो. त्याच मुलाच्या आतड्यात अंडी फुटून नवे कृमीही होतात. हा निरुपद्रवी म्हणून दुर्लक्षिला गेलेला जीव २०१५ मध्ये अचानक बातम्यांत आला. कोलंबियातल्या एका एचआयव्हीबाधित रुग्णाच्या शरीरात पसरलेला कर्करोग तपासला तेव्हा त्या पेशी माणसाच्या नव्हत्याच, या पट्टकृमीच्या होत्या. कृमीच्या पेशींना झालेला कर्करोग माणसात वाढत होता.

औषधांचा इतिहास इथे त्रोटकच द्यायचा आहे, पुढे त्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. चरकाने कृमींचे वीस प्रकार सांगितले. बाळगुटीतून प्रत्येक मराठी घरात पोचलेलं वावडिंग त्याच परंपरेतलं. डाळिंबाच्या मुळाची साल हिंदुस्थानात पट्टकृमीवर देतात, हे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रज डॉक्टरांनी इथून उचललं. पुढे फ्रान्समध्ये तानरे यांनी त्या सालीतून पेलेटिएरिन वेगळं काढलं. आज निक्लोसामाइड आणि प्राझिक्वांटेल ही औषधं आतड्यातला कृमी एका मात्रेत पाडतात. मेंदूतल्या अळीसाठी अल्बेंडाझोल वापरतात, तेही स्टेरॉइडच्या जोडीने आणि स्कॅन पाहूनच. ज्याच्या मेंदूत न कळता अळी बसली आहे, त्याने औषधाच्या दुकानातून कृमिनाशक आणून मनानेच घेतलं, तर पोट साफ होता होता फिट येऊ शकते.

डुकरांसाठी आता लसही आहे. मेलबर्न विद्यापीठाचे मार्शल लाइटोलर्स यांनी ती शोधली आणि तिचं उत्पादन हैदराबादची इंडियन इम्युनॉलॉजिकल्स ही कंपनी करते. लस, डुकराला ऑक्सफेन्डाझोलची एक मात्रा आणि गावातल्या कृमिवाहक माणसांवर उपचार, या तिन्ही गोष्टी एकदम केल्या तर चक्र तुटतं. १९९३ मध्येच आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने हा रोग निर्मूलन करता येण्याजोग्या मोजक्या रोगांत धरला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये त्याला दुर्लक्षित रोगांच्या यादीत घातलं. दुर्लक्षाचं एक कारण उघड आहे: डुक्कर पाळणारी माणसं आणि त्यांच्या वस्त्या आपल्या समाजात नजरेआडच ठेवल्या गेल्या. त्या वस्तीत संडास आहे की नाही, हा प्रश्न पलीकडच्या सोवळ्या गल्लीला आपला वाटला नाही. वंशशास्त्रीय अभ्यास तर असंही सुचवतो की टीनियाचे पूर्वज माणसाला आफ्रिकेच्या गवताळ प्रदेशात, सिंह-तरसांच्या शिकारीवर तो जगत असताना, पशुपालनाच्या कितीतरी आधी मिळाले. ते खरं धरलं तर डुकराने हा कृमी माणसाला दिलेला नाही. माणसाने तो डुकराला दिला.

पुढची प्रकरणं एकेका पट्टकृमीची आहेत, चित्रांसह. ती जेवणाच्या टेबलावर उघडू नयेत, एवढी एक विनंती. दुसरी विनंती जास्त महत्त्वाची. घरात कुणाला आयुष्यात पहिल्यांदा फिट आली, तर कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नये. रुग्णाला कुशीवर वळवावं, तोंडात काही कोंबू नये, लगेच डॉक्टरकडे न्यावं आणि त्यांनी सांगितलेला मेंदूचा स्कॅन टाळू नये. ‘आमच्यात मांसाहार नाही’ हे कारण सांगून तर मुळीच टाळू नये.